‘सिटिझन केन’मधला पाऊस पुसला गेला, त्याची गोष्ट

रिळवाला

ऑर्सन वेल्सचा ‘सिटिझन केन’ (१९४१) मी घरी पहिल्यांदा पाहिला तो २००१च्या डीव्हीडीवर. साठ वर्षांचा जुना कृष्णधवल सिनेमा आणि चित्र इतकं लख्ख! ओरखडा नाही, ठिपका नाही. कित्येकांना मी ती डीव्हीडी कौतुकाने दाखवली. पुढे २०११ची ब्लू-रे आणली. वृत्तपत्रसम्राट केनचा जुना सहकारी बर्नस्टीन, त्याच्या ऑफिसचा प्रसंग सुरू झाला आणि मी उठून टीव्हीजवळ गेलो. त्याच्या मागच्या खिडकीबाहेर पाऊस पडत होता. डीव्हीडीत तो नव्हता.

हा तोच प्रसंग, ज्यात म्हातारा बर्नस्टीन १८९६ सालची आठवण सांगतो. फेरीबोटीत क्षणभर दिसलेली पांढऱ्या कपड्यातली मुलगी, जिची आठवण आल्याशिवाय त्याचा एक महिनाही गेला नाही. बाहेर पाऊस, आत शेकोटी, टेबलाच्या चकचकीत लाकडात त्याचं प्रतिबिंब. तो पाऊस काढला की प्रसंग कोरडा पडतो.

असं होतं कसं? धूळ काढणारं सॉफ्टवेअर लागोपाठच्या फ्रेम ताडून बघतं. एका फ्रेममध्ये आहे आणि पुढच्या फ्रेममध्ये त्याच जागी नाही, ते त्याच्या लेखी कचरा. पावसाची बारीक रेघही तशीच वागते, फिल्मचा दाणाही (चित्र ज्यातून बनतं ते फिल्मवरचे बारीक कण) तसाच वागतो. हात कुठे आखडायचा हे माणसाने ठरवायचं असतं. इथे ते ठरवलं गेलं नाही.

माझं मत स्पष्ट आहे. डाग पुसताना सिनेमातलं काही जाणार असेल तर डाग राहू द्यावा. तुमचं काय म्हणणं?

शुभ्रकाळा

पावसाबद्दल दुमत नाही, ती चूकच. पण तिच्या आडून तुम्ही दाण्याची पूजा मांडताय, ती मला पटत नाही.

‘केन’ची मूळ कॅमेरा निगेटिव्ह आज अस्तित्वात नाही. म्हणजे कुठलीही डिस्क घ्या, ती नकलेवरूनच निघालेली आहे. मूळ निगेटिव्हवरून मास्टर पॉझिटिव्ह, त्यावरून डुप्लिकेट निगेटिव्ह, त्यावरून प्रिंट. प्रत्येक पायरीवर त्या त्या फिल्मचा दाणा चित्रावर चढत जातो. तुम्हाला जो दाणा पवित्र वाटतो त्यातला छायाचित्रकार ग्रेग टोलंडचा किती आणि लॅबचा किती? १९४१च्या प्रेक्षकाने निगेटिव्हच्या जवळची ताजी नायट्रेट (त्या काळच्या ज्वालाग्राही फिल्मवरची) प्रिंट पाहिली, त्याच्यासमोरचं चित्र आजच्या काही प्रतींपेक्षा नितळच असणार. नकलेने आणलेली घाण काढणं हे मूळ चित्राकडे जाणंच आहे.

फिल्म सोसायटीत १६ मिमीच्या झिजलेल्या प्रिंट बघून मोठी झालेली आपली पिढी. खरखरीला आपण सिनेमा समजायला लागलो.

रिळवाला

शुभ्रकाळा, मुद्दा वजनदार आहे आणि त्यावर मी पुष्कळ विचार केला आहे. लॅबचा दाणा आणि टोलंडचा दाणा वेगळे करता आले असते तर मी तुमच्या बाजूने उभा राहिलो असतो. पण ते पिठात मीठ मिसळावं तसे एकत्र झालेले आहेत. टोलंडने ‘सुपर डबल एक्स’ ही त्या काळची वेगवान फिल्म वापरली, कारण भिंगाचं छिद्र बारीक ठेवून पुढचं आणि मागचं दोन्ही स्पष्ट हवं होतं. वेगवान फिल्म म्हणजे जाड दाणा. चेहऱ्यावरची सुरकुती, कोटाचं कापड, ताणलेला पडदा हे सगळं त्या दाण्यांमधूनच घडलेलं असतं. दाणा गुळगुळीत केला की चेहरे मेणाचे होतात. म्हाताऱ्या केनचा मेकअप आठवा. दाणा आहे तोवर ते कातडं वाटतं, दाणा गेला की रबर.

लॅबच्या दाण्यावर उपाय पुसणं हा नाही. निगेटिव्हच्या जास्तीत जास्त जवळची नक्कल शोधून काढायची, जगभरची अभिलेखागारं पालथी घालायची. कष्टाचं काम आहे, पण तेच खरं काम.

तळमजला

तुम्ही दोघंही जाणकार आहात, मी साधी प्रेक्षक म्हणून लिहिते.

माझी आई ७४ वर्षांची आहे, दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली. तिला जुने इंग्रजी सिनेमे मनापासून आवडतात. नवी डिस्क लावली तेव्हा तिचा पहिला प्रश्न, “पडद्यावर मुंग्या का येतायत?” आणि सुरुवातीचा बातमीपट संपल्यावर प्रोजेक्शन रूमचा जो प्रसंग येतो, त्यात तिला काहीच दिसेना. काळोखात नुसते आवाज. जुन्या डीव्हीडीवर निदान माणसं तरी दिसायची. ती डीव्हीडी उजळ होती म्हणून आईने अख्खा सिनेमा पाहिला, नाहीतर दहाव्या मिनिटाला उठली असती. घरी बघायची डिस्क घरातल्या माणसांसाठी असते ना? अभिलेखागारासाठी वेगळी प्रत ठेवा.

रिळवाला

ताई, आईंची अडचण खरी आहे. पण प्रोजेक्शन रूममधला काळोख चुकून आलेला नाही. तिथे चेहरे दिसू नयेत अशीच योजना आहे. मागून प्रकाशाचा झोत, धूर आणि काळ्या आकृत्या. शिवाय त्या पत्रकारांच्या घोळक्यात पुढे मोठ्या भूमिका करणारे जोसेफ कॉटन आणि अर्स्किन सॅनफर्डही बसलेले आहेत. उजेड वाढवला की ज्यांनी ओळखू येऊ नये ते ओळखू येतात.

टीव्हीच्या सेटिंगमध्ये शार्पनेस खाली आणा, आणि काळोखाच्या प्रसंगाला खोलीतला दिवा मालवून बघा. मुंग्या बऱ्याच कमी होतील. पुष्कळदा टीव्हीच दाण्याला धार लावून उठवतो.

तळमजला

दिवा मालवला की आईला उठता-बसता भीती वाटते. सेटिंग मात्र करून बघते.

कोथरूडकर

इथे कोणीच बातमीपटाचा विषय काढला नाही याचं आश्चर्य वाटतं. सिनेमाच्या सुरुवातीचा तो ‘न्यूज ऑन द मार्च’ जुना, वापरून झिजलेला दिसावा म्हणून संकलक रॉबर्ट वाइज आणि मंडळींनी फिल्मचे तुकडे चक्क फरशीवरून फरफटत नेले होते. ते ओरखडे सिनेमाचे आहेत! आता यंत्राला सांगा, बातमीपटातले ओरखडे कलाकृती आणि नंतरचे ओरखडे कचरा. ‘स्वच्छ’ हा शब्दच या सिनेमाला लागू पडत नाही.

आणि तो कॉकॅटू! केनला सोडून त्याची बायको सुझन जाते तेव्हा किंचाळणारा पक्षी. त्याच्या डोळ्यातून मागचं दृश्य आरपार दिसतं, कारण दोन चित्रं एकावर एक छापताना डोळ्याच्या जागी भोक राहिलं. ४केमध्ये (ब्लू-रेपेक्षाही बारीक तपशिलाच्या डिस्कवर) ते आणखी ठळक दिसतं. उद्या कोणी म्हणेल, एवढा डोळा तरी बुजवू या, दोन मिनिटांचं काम. माझी हात जोडून विनंती, बुजवू नका. १९४१ साली ते तसं होतं.

शुभ्रकाळा

कोथरूडकर, कॉकॅटूच्या डोळ्याला मीही हात लावणार नाही. चित्रीकरणाच्या आणि छपाईच्या वेळी जे झालं ते सिनेमाचं. नंतरच्या नकलांनी जे आणलं ते सिनेमाचं नाही. एवढाच फरक मी करतोय, आणि तुम्ही दोघं तो करायला तयार नाही.

काळोखाबद्दल रिळवाल्यांना एक प्रश्न. टोलंड १९४८ साली गेला, दिग्दर्शक वेल्स १९८५ साली. कुठला काळा किती काळा, हे २०११ला किंवा २०२१च्या ४के डिस्कसाठी ठरवलं कोणी? आजच्या तंत्रज्ञांनीच ना? मग २००१चा उजेड म्हणजे अपराध आणि २०२१चा डॉल्बी व्हिजन (उजेड-सावलीचा पल्ला वाढवणारं तंत्र) म्हणजे निष्ठा, हे कशावरून?

रिळवाला

१९४१च्या काळातल्या प्रती समोर ठेवून. काळा किती काळा याची साक्ष त्या देतात, मग तंत्रज्ञ अंदाजाने काम करत नाही. आणि डॉल्बी व्हिजनबद्दल माझा अंधविश्वास नाही. कृष्णधवल सिनेमात त्याचा उपयोग आहे तो दिव्याच्या झगमगाटाला आणि खोल सावलीला जागा मिळते म्हणून. कोणी त्याने खिडक्या डोळे दिपतील इतक्या पेटवल्या तर मी तिथेही तक्रारच करीन.

जर्सीसिटीकर

बर्नस्टीनची ती फेरी न्यू यॉर्कहून जर्सीला येणारी. मी रोज तीच नदी ओलांडतो, म्हणून त्या प्रसंगावर जरा जास्तच जीव आहे.

शुभ्रकाळांच्या प्रश्नाला एक उदाहरण देतो. सत्यजित रेंच्या अपु-त्रयीच्या निगेटिव्ह १९९३ साली लंडनच्या लॅबच्या आगीत जळाल्या. बोलोन्याच्या प्रयोगशाळेत त्या कडक झालेल्या पट्ट्या ओल्या करून, हाताने जोडून स्कॅन केल्या. ‘पाथेर पांचाली’चा ४० टक्के भाग मूळ निगेटिव्हवरून मिळाला, ‘अपराजितो’चा ६० टक्क्यांहून जास्त. बाकी डुप्लिकेटवरून. म्हणजे एकाच सिनेमात दोन जातींचा दाणा. सगळं पुसून एकसारखं करणं सोपं होतं. तसं केलं नाही, आणि थिएटरात बघताना मला कुठे खटकलंही नाही.

कोथरूडकर

पुण्यात २००३च्या जानेवारीत नायट्रेटच्या साठ्याला आग लागली आणि प्रभातच्या मूळ निगेटिव्ह गेल्या. तिथे आता दाणा कोणाचा हा वाद घालायलाही फार थोडं उरलं आहे. म्हणून जिथे चांगली नक्कल शिल्लक आहे तिथे तिच्यावर प्रयोग होऊ नयेत असं मला तीव्रतेने वाटतं.

शुभ्रकाळा

काल रात्री दोन्ही डिस्क एकामागून एक लावून बर्नस्टीनचा प्रसंग पाहिला. पाऊस तर गेलाच होता, पण डीव्हीडीत त्याच्या कोटाची वीणही गेलेली दिसली. ती आजवर माझ्या लक्षात आली नव्हती. ‘नितळ’ हा शब्द मी २००१च्या डीव्हीडीसाठी यापुढे वापरणार नाही. नकलेचा दाणा हलक्या हाताने कमी करावा हे माझं मत मात्र कायम आहे, आणि अपु-त्रयीतही तेवढा हात फिरवला असता तर मला चाललं असतं.

तळमजला

सेटिंग बदललं. शार्पनेस खाली आणला. मुंग्यांची तक्रार राहिली नाही. खिडकीबाहेरचा पाऊस आईला मी न सांगता दिसला. प्रोजेक्शन रूम मात्र तिसऱ्यांदा लावूनही तिला दिसली नाही, आणि त्याबद्दल माझं म्हणणं आहे तेच आहे.