प्रति: आता प्रयोगशाळा कशाला?

अल्फाफोल्डने (प्रथिनाचा त्रिमितीय आकार कसा असेल याचा अंदाज बांधणारा एआय प्रोग्रॅम) प्रथिनांच्या रचनेचा प्रश्न सोडवला, तेव्हा प्रयोगशाळेची गरज संपली, हा या चर्चेत वर मांडलेला मुद्दा अर्धाच पटला. वेग अफाट वाढला हे खरंय. 2022 साली 20 कोटींहून जास्त रचनांचे अंदाज खुले झाले, 2024 च्या रसायनशास्त्राच्या नोबेलचा अर्धा वाटाही याच कामाला मिळाला. पण हे यंत्र शिकलं कशावर, ते इथे कुणी लिहिलेलं नाही. 1971 साली सुरू झालेल्या प्रोटीन डेटा बँकेवर, म्हणजे प्रयोगांतून सापडलेल्या रचनांच्या खुल्या संग्रहावर! क्ष-किरणांनी आणि नंतर इतर तंत्रांनी एकेक रचना शोधायची, त्यात एखाद्याच्या पीएचडीची वर्षं जायची, आणि मग ती सगळ्यांसाठी फुकट ठेवायची, असं अर्धं शतक चाललं. (पुढे नियतकालिकांनी सक्ती केली म्हणूनही. नाहीतर कोण देतंय!)

शिवाय अल्फाफोल्डच्या अंदाजाच्या चित्रातले रंग बघा, कुठल्या भागाची किती खात्री आहे ते त्यातून कळतं. गडद निळा म्हणजे भक्कम, नारिंगी म्हणजे भरवसा ठेवू नका. मानवी प्रथिनांवरच्या अल्फाफोल्डवाल्यांच्याच 2021 च्या शोधनिबंधात साधारण 58 टक्के अमिनो आम्लांच्या जागांबद्दलच खात्री दिली होती. उरलेल्यांत बऱ्याच ठिकाणी प्रथिनाला मुळात ठरावीक आकारच नसतो. सेमिनारच्या स्लाइडवर मात्र सगळं एकाच रंगात रंगवून येतं, ही माझी जुनी चिडचिड. प्रथिनांचे स्फटिक वाढवून त्यांवर क्ष-किरण सोडून रचना शोधणारे लोक हाच अंदाज सुरुवातीचा नमुना म्हणून घेतात आणि आपल्या मोजमापांशी ताडून दुरुस्त करतात. त्यांचं कित्येक महिन्यांचं काम त्यामुळे वाचतं, पण स्फटिक अजूनही वाढवावेच लागतात.