मदत हवी आहे : क्लबचं लेखनकाम घेतलं तर दैनिकासाठी त्याच क्लबची बातमीदारी करावी का?

नमस्कार. मी मडगावचा. एका मराठी दैनिकासाठी ११ वर्षं फुटबॉलच्या बातम्या देतो. नोकरी नाही, बातमीमागे मानधन मिळतं. गेल्या महिन्यात एका क्लबने विचारलं : सामन्यांचे वृत्तांत, खेळाडूंच्या मुलाखती आणि व्हिडिओंसाठी मजकूर मराठीत लिहून द्याल का? दरमहा ठरलेले पैसे, दैनिकाच्या जवळपास तिप्पट. घरी दोन मुलं शिकताहेत, त्यामुळे लगेच नाही म्हणवलं नाही.

डेस्कवर सांगितलं तर उपसंपादक म्हणाले, "घे की! नाहीतरी आपण त्यांची प्रेसनोटच छापतो." ते खरं आहे, आणि म्हणूनच फार लागलं.

आय-लीग ही तेव्हा देशातली मुख्य फुटबॉल लीग. तिची पहिली सहाही विजेतेपदं गोव्यात आली, धेंपो, चर्चिल ब्रदर्स आणि साळगावकर या क्लबांकडे. त्या काळात आम्ही कॉलेजची पोरं सराव बघायला जायचो, तिथे बातमीदार मैदानाच्या कडेला उभे राहून प्रशिक्षकाशी थेट बोलायचे. ते बघूनच मी या कामात आलो. २०१४ ला इंडियन सुपर लीग (आयएसएल) ही नवी लीग आली, २०१६ ला धेंपो, साळगावकर आणि गोव्याचाच स्पोर्टिंग आय-लीगमधून बाहेर पडले. आता मुलाखत हवी तर मीडिया मॅनेजरला मेल करायचा, आणि दुखापतीची बातमी आधी क्लबच्या इन्स्टाग्रामवर येते.

माझी खरी अडचण पगाराच्या बातमीची आहे. जुलै २०२५ मध्ये आयोजकांनी आयएसएलचा हंगाम थांबवला, कारण भारतीय फुटबॉल महासंघाशी असलेला १५ वर्षांचा करार डिसेंबरात संपत होता. काही क्लबांनी खेळाडूंचे पगार रोखले. तेव्हा खेळाडू रात्री फोन करून मन मोकळं करायचे. उद्या मीच क्लबचे पैसे घेत असेन तर ते मला फोन करतील का? आणि केला तरी मी ते छापू शकेन का?

दैनिक सोडायचं नाही. आंतरग्राम स्पर्धांची प्रेसनोट कुणी पाठवत नाही, त्या बातम्या मी दिल्या नाहीत तर येतच नाहीत.

कुणी अशी दोन्ही कामं केली आहेत का? त्या क्लबच्या बातम्या दुसऱ्याकडे देऊन बाकीचं लिहीत राहिलं तर चालेल का, की गोव्यासारख्या लहान जागी तेवढ्याने भागत नाही? संपादकांना लेखी कळवताना आणि करारात नेमकं काय लिहून घ्यावं, हेही सांगा. सोमवारपर्यंत क्लबला उत्तर द्यायचं आहे.