ऑर्गनची पांढरी चार (सप्तकातली चौथी पांढरी पट्टी) सोडली तरी वाजतच राहते, मंडईच्या जत्रेआधी काय करता येईल?

वडसा_वादक
पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकांत वाजणारा पायडलचा जुना ऑर्गन आहे. पावसाळाभर गोदामात होता. आता मधल्या सप्तकातली पांढरी चार सोडली तरी सूर बंद होत नाही, वरचे दोन सूर मुके झालेत, आणि पायडल थांबवलं की भात्याचा दम लगेच जातो. भाऊबीजेपासून मंडईचे प्रयोग लागतात, तोवर नागपूरचा कारागीर मिळणं कठीण. शिवाय इलेक्ट्रॉनिक कीबोर्डाशी सूर जुळत नाही. सूर देणाऱ्या पितळी रीड घासू का?

भाता_चामडं
रीड अजिबात घासू नका भाऊ.

पांढरी चार आधी बघा. सूर चालू असताना पट्टी समोरून बोटानं वर उचला. सूर थांबला तर पट्टी अडकतेय. नाही थांबला तर पट्टीखालची लाकडी काडी ओल धरून भोकात फुगली असेल, किंवा झडपेच्या चामड्यात कचरा असेल. काडी काढून सावलीत वाळवा, तिच्यावर शिसपेन्सिलीचं शिसं चोळा, मग परत बसवा. तेल टाकाल तर लाकूड आणखी फुगेल आणि धूळ चिकटेल ती वेगळीच.

बाकी ऑर्गन मागची फळी काढून दोन दिवस सावलीत, पंख्यासमोर ठेवा. ऑक्टोबरच्या उन्हात ठेवलात तर सरसाचे सांधे उलतात, एखादवेळी फळीही तडकते.

सूरमेळ
मुक्या सुरांचं: हातपेटी भात्यातली हवा रीडमधून ढकलते, ऑर्गन बाहेरची हवा रीडमधूनच आत ओढतो. त्यामुळे मंडपातली धूळ आणि धानाचं कुसकट थेट रीडवर येऊन बसतं. आधी ती पट्टी दाबून चार-पाच वेळा जोरात पायडल मारा, कधीकधी तेवढ्यानं सुटतं. नाही सुटलं तर रीडच्या मागच्या टोकाच्या खाचेत आकडा अडकवून ती सरळ ओढा. मऊ ब्रशनं रिव्हेटकडून (रीडची हलणारी पितळी जीभ जिथं जडलेली असते तिथून) टोकाकडे झाडा, उलटं नाही. जिभेखालून पातळ कागदाची पट्टी सरकवा. जीभ नखानं उचलली तर पितळ मोडतं. एका वेळी एकच रीड काढा, घरं बदलली की सगळा गोंधळ.

वडसा_वादक
काडीच फुगली होती, आता पांढरी चार ठीक. दमाचं काय?

भाता_चामडं
सगळे खटके (सूर चालू-बंद करायच्या ओढण्या) बंद करा, भरपूर पायडल मारून थांबा. दम अर्धा मिनिट टिकला तर भाता चालण्यासारखा आहे. पाच-सात सेकंदांत गेला तर घड्यांच्या कोपऱ्यांवर कान लावा, सुस्स ऐकू येईल. कापड बहुधा तिथंच फाटतं. रबरी कापडावर त्याच कापडाचा तुकडा सायकल पंक्चरच्या सोल्युशननं लावा. दोन्ही बाजूंना लावून, थोडं सुकू देऊनच दाबायचं. लाकडावर चामडं असेल तिथं गरम सरस, म्हणजे पुढं कारागिराला ते उकलता येतं. चिकटपट्टी एका प्रयोगात सुटते आणि तिचा डिंक मागं राहतो.

सूरमेळ
कीबोर्डाचं सोपं आहे. त्यात बारीक ट्यूनिंगची सोय असते, जुन्या ऑर्गनला तोच मिळवून घ्या. रीड टोकाशी खरवडली की सूर चढतो, रिव्हेटजवळ खरवडली की उतरतो, पण गेलेलं पितळ परत येत नाही. एकच सूर बेसूर असेल तर आधी रीड पुन्हा झाडून बघा, धुळीच्या वजनानंही सूर उतरतो.

आणि मंडपात पहाटेपर्यंत दव पडतं. पडदा पडला की लगेच ताडपत्री झाका.