अ‍ॅव्हरो की फोकर?

अ‍ॅव्हरो आणि फोकर ही जुनी पंख्याची प्रवासी विमानं. कुणीतरी म्हटलंय, अ‍ॅव्हरोपेक्षा फोकर सरस, पंख वर असल्यानं खाली सगळं दिसायचं. दृश्याबाबत मान्य, उतरताना चाकं बाहेर येतानाही दिसायची. पण इंजिन दोन्हींचं एकच, रोल्स-रॉइसचं डार्ट. ती कानात बसणारी शिट्टी फोकरची म्हणून कौतुकाची आणि अ‍ॅव्हरोची म्हणून कटकट, हे काही पटत नाही.

एक गोष्ट राहिली. औरंगाबादचा (आताचं छत्रपती संभाजीनगर) चिकलठाणा विमानतळ समुद्रसपाटीपासून साधारण १,९०० फुटांवर, त्यात मे महिन्याचं ऊन. गरम हवा विरळ, म्हणून इंजिनाची ताकद घटते. ती भरून काढायला डार्टमध्ये उड्डाणाच्या वेळी पाणी आणि मिथेनॉलचं मिश्रण सोडायची सोय होती. (आमचे काका म्हणायचे, मराठवाड्यात विमानालाही टँकर लागतो!) आणि अ‍ॅव्हरो कानपूरला एचएएलनं (हिंदुस्तान एरोनॉटिक्स, सरकारी विमान कंपनी) बांधलेलं, तिथलं पहिलं १९६१ मध्ये उडालं. माझं मत त्यालाच.