मदत हवी आहे: झाडावर चढून छाटणीसाठी टिकाऊ चेनसॉ

नमस्कार मंडळी. वाई-पाचगणी भागात घरांवर, तारांवर आलेल्या फांद्या दोर-हार्नेस लावून उतरवायचं काम करतो. जास्त करून आंबा, चिंच, सिल्व्हर ओक.

सध्या ५८ सीसीचं स्वस्तातलं मशीन आहे. जमिनीवर ओंडके पाडायला ठीक, पण वर नेलं की तासाभरात मनगट भरून येतं. दुसऱ्याच मोसमात ऑइल पंप गेला. बारवर (चेन ज्या पट्टीवरून फिरते ती) तेलच येईना, चिंच कापताना बार तापून निळा पडला. पंप बदलला, तेलाची भोकं साफ केली, चेन नवी टाकली. महिन्यात पुन्हा तेच.

आता वरच्या हँडलचं, झाडावरच्या कामाचं मशीन घ्यायचंय. स्टिलचं एमएस २०१ टी आणि हस्कवर्नाचं टी४३५ डोळ्यासमोर आहेत, दोन्ही ३५.२ सीसी. बार १२ किंवा १४ इंची चालेल. बजेट चाळीस-पंचेचाळीस हजार. थोडं वाढवता येईल. बॅटरीचं नको, दिवसभर वस्तीवर चार्जिंग मिळत नाही. मोठ्या बुंध्याला जुनं मशीन आहेच.

यातलं एखादं कुणी रोज झाडावर चढून किमान दोन वर्षं वापरलंय का? चिंचेसारख्या कडक लाकडात ऑइल पंप आणि क्लच कुणाचा टिकला, आणि सुटे भाग साताऱ्यात मिळतात की पुण्याला जावं लागतं?