मदत हवी आहे : बारमाही अ‍ॅस्टर पावसातून कसा वाचवू?

नमस्कार मंडळी. ठाण्यात घोडबंदर रोडला तळमजल्यावर राहते, मागे दहा बाय आठची मातीची जागा आहे. गेल्या डिसेंबरात बारमाही अ‍ॅस्टरची तीन रोपं लावली. फुलबाजारात असतो तो चायना अ‍ॅस्टर नव्हे, तो एका हंगामात संपतो. हा मुळाशी फुटवे काढत पसरणारा, बारीक जांभळ्या पाकळ्यांचा. मूळचा उत्तर अमेरिकेचा. तिथे थंडीत वरचं सगळं वाळतं आणि वसंतात मुळातून पुन्हा फुटतं. आपल्याकडे तेवढी थंडी कुठली!

जुलैत एक रोप बुडाशी कुजून गेलं, फार वाईट वाटलं. उरलेल्या दोघांची खालची पानं पिवळी पडून गळतात. माती चिकट आहे, पाणी साचतं. आता ही रोपं उचलून, वाळू मिसळलेल्या मातीत, कुंडीत घालून छपराखाली ठेवू का? की भर पावसात मुळांना हात लावूच नये? जुडगा सोडवून वेगळी रोपं करायची तर आपल्याकडे योग्य महिना कोणता?

आणखी एक शंका. अ‍ॅस्टरला कळ्या धरायला लांब, अंधारी रात्र लागते. आमच्या सोसायटीचा दिवा मात्र रात्रभर थेट त्यांच्यावर पडतो. नुसती उंची वाढतेय, कळी एकही नाही, ती यामुळेच असेल का? शेंडे खुडलेले नाहीत, आता खुडले तर उशीर होईल का?

ठाणे, नवी मुंबईच्या दमट हवेत कुणी हा दुसऱ्या वर्षापर्यंत नेला असेल तर कृपया सविस्तर सांगा. ही दोन रोपं मला गमवायची नाहीत.