मदत हवी आहे: ५१२ केबीपीएसमध्ये आठ कॉल धरलेत, सहाव्यालाच आवाज तुटतो

सावदेकर:
सावदा आणि जळगाव ऑफिसमध्ये लीज लाइन आहे. दोन्हीकडे अ‍ॅस्टेरिस्क (फोन एक्स्चेंजचं सॉफ्टवेअर), कोडेक (आवाजाचे बिट बनवण्याची पद्धत) जी.७११, पॅकेट २० मिलिसेकंदांचं. लिनक्स राउटरवर टीसीने (वेगाची मर्यादा घालणाऱ्या कमांडने) आवाजासाठी ५१२ केबीपीएस (सेकंदाला किलोबिट) बांधलेत, एसडीपीत (कॉल जोडताना पाठवायच्या माहितीत) बी=एएस:६४ ही बँडविड्थची ओळ आहे. चौसष्ट आठे ५१२, म्हणजे आठ कॉल चालायला हवेत. पण सकाळी केळीच्या भावाचे फोन सुरू झाले, की सहाव्या कॉलला सगळ्यांचाच आवाज तुटतो. कुठे चुकतंय?

तापीकाठ:
भाऊ, ६४ हा नुसता कोडेकचा आकडा. एका पॅकेटात आवाज १६० बाइट, वर हेडरचे (पॅकेटाच्या वेष्टनाचे) बाइट: आरटीपीचे १२, यूडीपीचे ८, आयपीचे २०. झाले २००. सेकंदाला ५० पॅकेट, म्हणजे ८० केबीपीएस. टीसी इथरनेट हेडरचे १४ बाइटही मोजतं, म्हणून ८५.६. सहा कॉलचे ५१३.६ होतात, जेमतेम १.६ने वर. यूडीपी वेग कमी करत नाही आणि रांग भरल्यावर कुणाचं पॅकेट टाकलं जातंय हे राउटर बघत नाही, म्हणून सगळ्यांचंच तुटतं. टीसी -एस क्लास शो चालवा, सहाव्या कॉलला ड्रॉप्डचा आकडा वाढताना दिसेल.

बी=एएसमध्ये आयपी-यूडीपीचा खर्च धरायचा असतो, तिथे ८० लिहा. पण ती ओळ कॉल अडवत नाही. 'माझ्याकडे इतकंच पाठव' एवढंच समोरच्याला सांगते, तेही एका स्ट्रीमपुरतं (एका कॉलच्या आवाजाच्या प्रवाहापुरतं). एकूण कॉल डायलप्लॅनमध्ये (एक्स्चेंजच्या कॉल-नियमांत) ग्रुप काउंटने (चालू कॉल मोजून) पाचवर अडवा. आरटीसीपीचे (आवाजासोबतच्या अहवाल पॅकेटांचे) ८०वर पाच टक्के धरूनही पाच कॉल ४४८मध्ये बसतात.

धुळेकर:
बी=टीआयएएस (बँडविड्थ सांगायची दुसरी ओळ) वापरणार असाल तर जपून. तो किलोबिटमध्ये नाही, बिटमध्ये असतो आणि हेडर धरत नाही: ६४०००, सोबत मॅक्सपीरेट (सेकंदाला जास्तीत जास्त पॅकेट) ५०. हाच आकडा चुकून एएसमध्ये गेला तर मर्यादा ६४ एमबीपीएस होते, म्हणजे नसल्यातच जमा. सेशन पॉलिसीच्या (कॉलसाठीच्या नियमांच्या) आरएफसी ६७९६ या इंटरनेट दस्तऐवजात (२०१२) एकूण, प्रत्येक सेशन आणि प्रत्येक स्ट्रीम अशा तीन वेगळ्या मर्यादा आहेत. तुम्ही स्ट्रीमच्या आकड्याकडून एकूण मर्यादेचं काम करून घेताय.

सावदेकर:
आठ कॉल हवेतच. पॅकेट मोठं केलं तर?

तापीकाठ:
४० मिलिसेकंदांवर एक कॉल ७४.८, तरी सात कॉलचे ५२३.६. बसत नाही. जी.७२९ (कमी बिटांचा कोडेक) घेतला तर २० मिलिसेकंदांवरच आठ कॉल २३७मध्ये जातात, पण फॅक्सचं एक्स्टेंशन जी.७११वरच ठेवा, जी.७२९वरून फॅक्सचे टोन जात नाहीत. जी.७११च ठेवायचा असेल तर टीसीची मर्यादा ७६८ करा.